शिक्षा हवी, क्रौर्य नको : कोल्हापूरच्या बालहत्याकांडाकडे धम्माच्या नजरेने पाहताना

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच ते तिथे बसवले गेले. त्याच चौकात कारागृहाची भिंत आहे. जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला अभिवादनासाठी येणारे आपण सारे त्या भिंतीजवळूनच जातो, पण भिंतीपलीकडच्या माणसांचा विचार फारसा करत नाही. आज तोच विचार करायचा आहे.

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित या दोन बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. कोल्हापूरकरांच्या मनात जुनी जखम पुन्हा उघडी पडली. "कोवळी लेकरं मारणाऱ्यांना दया कसली?", "चौकात आणून लटकवा", "चौरंग करा, कडेलोट करा" असे बोल नेहमीच ऐकू येतात. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांच्या घरातही मुले असतात आणि त्यांचा संताप खराच असतो. म्हणूनच या संतापाला टाळून पुढे न जाता त्याच्यासमोर बसून एक प्रश्न सोडवायला हवा. गुन्हेगार कितीही निर्दयी असला, तरी त्याला निर्दयपणे वागवणे कधी न्याय्य ठरू शकते का? आणि बुद्धाचा धम्म मानणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे?

प्रकरण काय होते?

१९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या या दोन मुली पश्चिम महाराष्ट्रात आणि आसपास लहान मुले पळवत होत्या. गर्दीत पाकीटमारी करायची, दागिने ओढायचे आणि पकडले गेल्यास कडेवरच्या मुलाची ढाल करायची, ही त्यांची पद्धत. मूल आजारी पडले, रडू लागले किंवा उपयोगाचे राहिले नाही की त्याला संपवले जाई. एका लेकराला तर लोकांचे लक्ष वळवण्यासाठी जमिनीवर आपटले गेले. १९९६ मध्ये त्यांना अटक झाली. खटला सुरू होण्याआधीच अंजनाबाईचा मृत्यू झाला. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. १३ मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी ९ जणांचा खून असा आरोप होता. सगळे खून न्यायालयात सिद्ध झाले नाहीत, पण जे सिद्ध झाले तेवढेही वाचवत नाहीत.

जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघींना फाशी सुनावली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी दयेचा अर्ज फेटाळला. म्हणजे कायद्याच्या सगळ्या पायऱ्या संपल्या होत्या. मग २०२२ मध्ये फाशी रद्द का झाली? त्याचे कारण पुढे पाहू, कारण ते कारणच आपल्याला बरेच काही शिकवते.

धम्म गुन्हेगाराला सोडून द्या म्हणतो का?

बौद्ध म्हटले की करुणा आणि करुणा म्हटले की माफी, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी वैशालीचा सेनापती सिंह आणि भगवान बुद्ध यांच्यातील संवादाचा दाखला दिला आहे. तुमची अहिंसा अपराध्याला मोकळे सोडायला सांगते का, असा सेनापतीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. अपराध्याला शिक्षा झाली पाहिजे, निरपराध सुटला पाहिजे, आणि कायद्याप्रमाणे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला हिंसेचा दोष लागत नाही.

अंगुलिमालाची कथा आपण सगळे जाणतो, पण तिचा शेवट बरेचदा विसरतो. राजा पसेनदी त्याला पकडायला पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला होता. वाटेत तो बुद्धाला भेटला, तेव्हा अंगुलिमाल चीवर घालून तिथेच बसलेला होता. राजाने त्याला बेड्या घातल्या नाहीत, कारण ज्याच्यापासून लोकांना वाचवायचे होते तो दरोडेखोर आता उरला नव्हता. पण कथा इथे संपत नाही. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर ढेकळे आणि काठ्या पडल्या. डोके फुटून, चीवर फाटून तो परत आला. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले की हे तुझ्या कर्माचे फळ आहे, सहन कर. माणूस बदलू शकतो, पण केलेले पुसले जात नाही. धम्म या दोन्ही गोष्टी एकदमच सांगतो.

तेव्हा शिक्षा असावी की नसावी, हा वाद आपला नाहीच. वाद आहे तो कठोर शिक्षा आणि क्रूर शिक्षा यांतील फरकाचा.

कठोर आणि क्रूर यांत फरक काय?

कठोर शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जड असते. ती गुन्हेगाराचे स्वातंत्र्य काढून घेते, त्याला समाजापासून दूर ठेवते, त्याने केलेले कृत्य किती भयंकर होते ते जाहीर सांगते. तिच्यात त्रास असतो, पण तो तिचा उद्देश नसतो. क्रूर शिक्षेत माणूस विव्हळला पाहिजे, हाच उद्देश असतो. बुद्धाने चेतनेलाच कम्म म्हटले आहे. कृतीमागचा हेतू पाहा, मग ती कृती कोणती ते कळेल. हाच नियम गुन्हेगाराला लागू होतो आणि शिक्षा देणाऱ्यालाही.

शिक्षा क्रूर आहे का हे ओळखायला तीन साधे प्रश्न विचारावेत. वेदना देणे हाच तिचा हेतू आहे का? चूक निघाली तर परत फिरता येईल का? आणि ती देताना देणारा व पाहणारा समाज आधीपेक्षा वाईट होतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दीघ निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात आहे. एक राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी सुरू होते. राजा आधी पकडलेल्या चोराला धन देतो. ते पाहून इतरही चोरी करू लागतात. मग तो जरब बसावी म्हणून चोराची गावभर धिंड काढून त्याचा शिरच्छेद करवतो. लोक काय शिकतात? तेही धारदार शस्त्रे बनवतात आणि ज्यांना लुटतात त्यांची डोकी उडवू लागतात, म्हणजे मागे साक्षीदार उरत नाही. भीतीने गुन्हा थांबत नाही, त्याची धार वाढते. बुद्धाने इथे भोळी माफीही योग्य ठरवलेली नाही आणि तलवारही नाही. दोन्ही उपाय फसले, कारण मुळाशी असलेले दारिद्र्य तसेच राहिले.

मज्झिम निकायातील महादुक्खक्खन्ध सुत्तात त्या काळच्या शिक्षांची लांबलचक यादी आहे. फटके, हातपाय तोडणे, नाककान कापणे, उकळते तेल ओतणे, सुळावर चढवणे. ती वाचताना अंगावर काटा येतो. बुद्धाने ती मांडली ती तृष्णेपोटी माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचे उदाहरण म्हणून. न्यायाचा नमुना म्हणून नव्हे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की बौद्ध राजांनीही मृत्युदंड पूर्ण बंद केला असे नाही. सम्राट अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी अशी आज्ञा आहे. मृत्युदंड टिकला, पण त्याच्या मध्ये थांबण्याची जागा तयार झाली. पुढे आचार्य नागार्जुनांनी 'रत्नावली'त राजाला उपदेश केला की अपराध्यांना मारू नये, छळू नये, तुरुंगात अन्नपाणी, औषध, स्नान आणि न्हावी यांची सोय असावी, आणि वाट चुकलेल्या मुलाला बाप जसा सुधारण्यासाठी शिक्षा करतो तशा भावनेने शिक्षा करावी.

क्रौर्य कोणाच्या वाट्याला येते?

हा प्रश्न आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शूद्राने द्विजाला अपशब्द वापरले तर जीभ कापावी, त्याने ब्राह्मणाला धर्म शिकवायचा आव आणला तर तोंडात-कानात उकळते तेल ओतावे, असे दंड आहेत. त्याच अध्यायात, जिथे इतरांना देहदंड आहे तिथे ब्राह्मणाला मुंडन पुरते. शिक्षा गुन्ह्याकडे न पाहता जात पाहून ठरत होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ज्या ग्रंथाचे दहन केले, तो ग्रंथ क्रौर्याला न्याय म्हणत होता हे विसरू नये.

आज कायदा सर्वांना सारखा आहे. तरीही फाशीच्या कोठडीत कोण बसले आहे? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फाशी झालेल्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सुमारे २४.५ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असल्याचे दिसले. श्रीमंत माणूस गुन्हा करत नाही असे नाही. त्याला चांगला वकील मिळतो.

महाराष्ट्रातीलच एक प्रकरण घ्या. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, खून आणि बलात्काराची भयंकर घटना घडली. भटक्या समाजातील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. २००६ मध्ये त्यांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मग मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आयुष्याची सोळा वर्षे गेली होती, पण माणसे जिवंत होती म्हणून सुटली. २००९ मध्येच लोकांच्या मागणीप्रमाणे त्यांना चौकात लटकवले असते, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवला असता? आपला दुसरा प्रश्न, चूक निघाली तर परत फिरता येईल का, इथे रक्तामांसाचा होतो.

खैरलांजीचे काय?

वाचक इथे थांबून विचारतील, आणि विचारायलाच हवे : "हे सगळे ठीक, पण खैरलांजीचे काय?"

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने अत्यंत क्रूरपणे हत्या केली. भय्यालाल भोतमांगे एकटे वाचले. त्यानंतर महाराष्ट्रभर रस्त्यावर उतरलेल्या आपल्या माणसांच्या तोंडी फाशीची मागणी होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा तुरुंगवास ठरवला. आपल्या मनात तेव्हा जे दाटून आले, त्याला कोणी उपदेश करून गप्प बसवू नये.

पण शांतपणे पाहिले तर खैरलांजीत आपल्यावर झालेला मोठा अन्याय वेगळाच होता. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जातीमुळे हे घडले, हे सत्यच निकालात उतरले नाही. सहा जणांना फासावर चढवले असते, तरी "हा जातीचा गुन्हा होता" हे वाक्य लिहिले गेले नसते, तर भोतमांगे कुटुंबाला न्याय मिळाला असे म्हणता आले असते का? पीडिताला सर्वात आधी हवे असते ते सत्य. माझ्यावर काय झाले आणि का झाले, हे राज्याने मान्य करावे, वेळेत करावे आणि पुन्हा तसे होणार नाही याची व्यवस्था करावी. गुन्हेगाराच्या किंकाळ्यांनी यांतले काहीच मिळत नाही. उलट दोर इतका मोठा दिसू लागतो की त्याच्यामागे सत्य झाकले जाते.

बाबासाहेबांनी हा विचार आपल्याही आधी केला होता. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना ते म्हणाले की त्यांचा कल फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आहे. देश अहिंसेला नैतिक आदेश मानत असेल, तर ही शिक्षा रद्द करणेच उचित, असा त्यांचा आशय होता. हे म्हणणारा माणूस अन्यायाला मवाळ नव्हता. ज्या समाजाने शतकानुशतके क्रूर शिक्षा भोगल्या, त्या समाजातून आलेला तो माणूस होता. हातात कायदा आल्यावर त्याने उलट क्रौर्य मागितले नाही.

फाशी रद्द होण्याचे खरे कारण

आता कोल्हापूरच्या प्रकरणाकडे परत येऊ. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुन्हा सौम्य ठरवला नाही. त्याची अमानुषता निकालात स्पष्ट शब्दांत नोंदवली. फाशी रद्द झाली ती विलंबामुळे. दयेच्या अर्जाचा निपटारा व्हायला ७ वर्षे, १० महिने आणि १५ दिवस लागले, आणि या दिरंगाईला सरकारी यंत्रणेची बेफिकिरी जबाबदार असल्याचे न्यायालयाला आढळले. आज दोर येईल की उद्या, या टांगणीवर माणसाला वर्षानुवर्षे ठेवणे ही निकालात न लिहिलेली वेगळी शिक्षा आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात मान्य केले होते. दोघींची २५ वर्षांत सुटका करण्याची मागणी मात्र उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केल्याचा निर्णय कायम ठेवला आणि उरलेले संपूर्ण आयुष्य कोणतीही सूट न मिळता तुरुंगात काढावे लागेल असे ठरवले. म्हणजे 'सुटल्या' ही चर्चा खोटी आहे.

या विलंबाचा चटका दोघा पक्षांना बसला. आत असलेल्यांना रोजच्या मरणाचा, आणि बाहेर असलेल्या आईबापांना न संपणाऱ्या वाटेचा. ज्यांची लेकरे गेली, त्यांना १९९६ पासून २०२३ पर्यंत तारखा मोजाव्या लागल्या. संतापायचेच असेल, तर फायली दाबून ठेवणाऱ्या टेबलांवर संतापावे. अशी शिक्षा वेळेत झाली तर क्रूर, लांबली तर आणखी क्रूर आणि रद्द झाली तर पीडितांच्या घरी पुन्हा सुतक. कोणत्याही वाटेने गेले तरी तिच्यातून शांती निघाली नाही.

मग करायचे काय?

उत्तर कोल्हापूरच्याच मातीत आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवले होते. त्यांना रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हजेरीची ही पद्धत बंद केली. फासेपारधी समाजातील लोकांना त्यांनी सोनतळी येथे आसरा दिला आणि राखणदारीचे काम दिले. ज्यांना जग चोर म्हणत होते, त्यांच्याच हाती पहारा दिला. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला हाच सल्ला आहे. दंडाने चोर संपत नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्या, मग लोक दार उघडे ठेवून झोपतील.

कोणी म्हणेल, शाहू महाराजांच्या रोजगाराने मुले मारणाऱ्या बायका सुधारल्या असत्या का? कदाचित नसत्याही. अशा माणसांना समाजापासून दूर ठेवावेच लागेल, आयुष्यभरही ठेवावे लागेल, आणि ते न्याय्य आहे. पण दूर ठेवणे आणि तडफडवणे यांत अंतर आहे. ते अंतर राखणे हे आपले काम आहे, कारण गुन्हेगाराने ते आधीच ओलांडलेले असते.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दक्षिण महाराष्ट्रातल्या गरीब पक्षकाराला आता प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागणार नाही. चौकात उभारलेल्या फासापेक्षा जवळ आलेले न्यायालय, लवकर लागलेला निकाल, नीट झालेला तपास आणि आरोपीला मिळालेला चांगला वकील यांनी लेकरे अधिक सुरक्षित होतात. आपल्या संघटनांनी मोर्चात मागायच्या मागण्या याच असाव्यात : ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात ते कलम लागलेच पाहिजे, साक्षीदाराला संरक्षण मिळालेच पाहिजे, खटला मुदतीत संपलाच पाहिजे.

पुढच्या वेळी बिंदू चौकात अभिवादनाला जाल, तेव्हा क्षणभर त्या भिंतीकडेही पाहा. आत कदाचित गुन्हेगार असेल, कदाचित निरपराध असेल. पुतळ्यातल्या माणसाने लिहिलेला कायदा त्या दोघांनाही लागू आहे. वैराने वैर शमत नाही, हे आपण वंदनेनंतर नेहमी ऐकतो. ते पाळण्याची वेळ नेमकी तेव्हा येते, जेव्हा वैर करावेसे वाटण्याजोगे कारण समोर उभे असते.

नमो बुद्धाय, जय भीम.